देवीच्या फोटोतलं तेज

मार्गासनीच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत मूर्तीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. झुंबड होती भिंतीवरच्या फोटोपुढे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने मूर्तीचे नाकडोळे बुजून गेलेले. नाकडोळे बुजण्याआधीचा, मूर्तीचा फार जुना फोटो एका अभ्यासकाने देवळाला भेट दिला होता. नाक, ओठ, गळ्यातले हार, सगळं लख्ख. पुढे देवीच्या मस्तकाभोवती रुपेरी तेज दिसू लागलं आणि सावळाराम भगताचं फावलं. ते तेज कापसाने टिपून तो लोकांच्या डोळ्यांना लावू लागला.

मी भोरचा डोळ्यांचा डॉक्टर. मार्गासनीच्या ठकुबाईंना काचबिंदू. औषधाचे थेंब चुकवू नका, हे सांगून माझा घसा बसला होता. या वेळी तपासून घ्यायला आल्या तेव्हा डावा डोळा पार गेलेला. त्यांचा मुलगा सोमनाथ शांतपणे म्हणाला, "थेंब बंद केलं. तेज लावतोय न्हवं."

माझं डोकंच फिरलं. घरातला माझ्या मामाचा जुना फोटो काढला आणि त्या दोघांसोबत थेट देवळात गेलो.

सावळाराम समई एका बाजूला ठेवून भक्तांना दुसऱ्या बाजूला बसवत होता. मी सोमनाथला फोटोच्या बरोबर समोर उभं केलं. तेज गायब! भगत म्हणाला, "मनात शंका आली की देवी रुसते." मग मी मामाचा फोटो समईजवळ तिरका धरला. मामाचा काळा कोट चांदीसारखा झळकला. जन्मभर दारूत बुडालेल्या मामावर कोणती देवी प्रसन्न झाली असेल?

मी समजावून सांगितलं. अशा जुन्या फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे बारीक कण. ओल आणि धूर लागून ती चांदी वर येते, तिरक्या उजेडात चकाकते. देवीमागचा कोनाडा काळा, म्हणून तिथे प्रभावळ.

यावर कोंडिबा नावाच्या म्हाताऱ्याने मामालाच हात जोडले. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं मला. त्यात कापूस घासून घासून फोटोतल्या देवीचं नाकही पुसट झालेलं.

ठकुबाईंनी विचारलं, "डावा डोळा येईल का माघारी?"

"नाही, आजी."

"आन उजवा?"

"थेंब घातले तर टिकेल."

त्या सोमनाथला म्हणाल्या, "थेंबांची बाटली आण."

देवीला खुशाल हात जोडा, बाबांनो. पण डोळ्यांत काय घालायचं ते डॉक्टरला विचारा. काचबिंदूने नेलेली नजर कुठल्याच देवळात परत मिळत नाही.