गोलरक्षकासोबत फुकट आलेला रोलर

बसा, बसा, संकोच नको. माझ्यावर सगळेच बसतात. मी हॉकीचं मैदान सपाट करणारा लोखंडी रोलर बोलतोय. अंगानं जड, चालीनं मंद, पण कान शाबूत. आयुष्यभर लोकांनी माझ्या पाठीवर बसून निवाडे केले. आज जरा माझंही ऐका.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या आवारात येऊन पडलो आणि गिऱ्हाइकाची वाट बघता बघता व्यापार शिकलो. शाळा म्हणाल तर तीच. व्यापारी मोठा गप्पिष्ट. एकदा एक गृहस्थ त्याच्याकडून कुलूप घेऊन गेले आणि वर्षभरानं परत आले. "काय हो, मी घेतलेलं कुलूप चांगलं निघालं का?"

"चोरी झाली?"

"नाही."

"मग चांगलंच निघालं."

गृहस्थ दारापर्यंत गेले आणि माघारी वळले. "पण चोर आलाच नसेल तर?"

व्यापाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही एखाद्या हॉकी संघाच्या कमिटीवर आहात का?"

होते! त्या दिवशी व्यापाऱ्यानं त्यांच्या गळ्यात मला बांधलं आणि मी नदीच्या डाव्या काठावरच्या संघात दाखल झालो.

आमच्या गावाच्या मधोमध नदी, वर पूल आणि दोन काठांवर दोन संघ. स्पर्धेचा नियम असा की ज्या काठाचा संघ, त्याच काठावर खेळाडूचं बिऱ्हाड. डाव्या काठाकडे गोलरक्षक भक्कम होता. त्याला सगळे 'भिंत' म्हणत. पण गोल करणारं कोणी नव्हतं. उजव्या काठाकडे 'तुफान' होता, आघाडीला वाऱ्यासारखा पळणारा; पण त्यांच्या गोलमध्ये बॉल पाहुण्यासारखा ये-जा करायचा. तेव्हा दोन्ही अध्यक्षांनी अदलाबदल करायचं ठरवलं. डाव्या काठाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, उजव्या काठाचे फर्निचरवाले.

"तुफान म्हणजे आमच्या घरचा मुलगा," फर्निचरवाले म्हणाले. "नुसत्या गोलरक्षकावर कसा देऊ? वर काहीतरी टाका."

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं. खुर्च्या लागणार होत्या, घड्याळ चालू होतं. नजर माझ्यावर आली. "हा रोलर न्या. नामी आहे. मी स्वतः रोज फिरवतो."

डॉक्टरांनी मला आजवर बोट लावलेलं नव्हतं. पण मला वाईट वाटलं नाही. फुकट द्यायच्या वस्तूचीच सगळ्यात जास्त स्तुती होते, हे मी आवारात असतानाच शिकलो होतो.

भिंत आणि मी एकाच दिवशी पूल ओलांडला. तो धंद्यानं खिडक्यांना काचा बसवणारा. फर्निचरवाल्यांनी आपल्या दुकानावरच्या दोन खोल्या त्याला दिल्या, संघात आहे तोवर. बायकोला याच काठावरच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. म्हाताऱ्या आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. पण हळूहळू ती कठड्याला हात न लावता जिना उतरायला शिकली. बिऱ्हाड रुजलं म्हणतात ते असं.

उजव्या काठाच्या संघाचा एक रिवाज होता. मोसम संपला की फेरविचाराची सभा. जुना निर्णय बाहेर काढायचा, उन्हात धरायचा आणि आपण तेव्हा काय म्हणालो होतो ते प्रत्येकानं सांगायचं. खुर्च्या अपुऱ्या, म्हणून सभा मैदानाच्या कडेला भरे आणि ज्येष्ठ मंडळी माझ्यावर बसत.

पहिल्या वर्षी तुफाननं पलीकडे गोलांचा सडा घातला. सभेत शिंपीदादा म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, घोडा देऊन दरवाजा आणला."

निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मी तर लेखी विरोध करणार होतो."

दुसऱ्या वर्षी तुफानचा गुडघा सुजला आणि तो बाकावर बसला. इकडे भिंतीनं चिटपाखरू आत जाऊ दिलं नाही. शिंपीदादा म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या पोराच्या गुडघ्यात राम नाही."

हेडमास्तर म्हणाले, "माझं मौन म्हणजे संमतीच होती."

विरोध सगळ्यांनीच केला होता म्हणे आणि पाठिंबाही सगळ्यांनीच दिला होता. मग सौद्याच्या दिवशी नुकतेच पेढे खाल्ल्यासारखे चेहरे करून टाळ्या कोण वाजवत होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

माझं मत विचाराल तर मैदान मी सपाट केलं, बॉल उसळायचा थांबला, म्हणून गोल वाचले. पण आपल्याच खांद्यावर घर उभं आहे असं ज्याला त्याला वाटतं. मी तरी वेगळा कशाला असेन?

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना नेमका दोन काठांमध्ये. बरोबरी चाललेली. शेवटच्या क्षणी तुफान लंगडत लंगडत पुढे आला, त्यानं बॉल नुसता ढकलला आणि तो भिंतीच्या दोन पॅडांमधून आत गेला. करंडक गेला.

त्याच संध्याकाळी सभा भरली. मोसमभर अडवलेले बॉल कुणाला आठवेनात. ठराव झाला: सौदा मूर्खपणाचा होता, भिंत परत द्यायची आणि तुफान परत आणायचा.

"मनाला लावून घेऊ नकोस," फर्निचरवाले भिंतीला म्हणाले. "खोल्यांची घाई नाही. सावकाश, आठवड्याभरात कर रिकाम्या."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ड्यूटीवरून मैदानावर आली. दोघं माझ्या आडोशाला उभे राहिले.

"माझी नोकरी इथली. पुलावरून रोज कशी यायची? आणि आईंना परत नवा जिना शिकवायचा? या वयात?"

"मी काय करू सांग."

"बोला ना त्यांच्याशी!"

"अगं, मी गोल अडवतो. सभा अडवायला कोणी शिकवलं नाही मला."

रविवारी सकाळी दातांचे डॉक्टर आपणहून हजर. "सहज आलो," म्हणाले.

"कमाल आहे," फर्निचरवाले म्हणाले, "मी सहज तुमच्याकडेच निघालो होतो."

एवढ्यावरून मी ओळखलं. डाव्या काठावरही सभा झाली होती आणि त्यांचाही हिशेब सरळ होता. तुफाननं अख्ख्या मोसमात तो एकच गोल केलेला. म्हणजे दोघांनाही आपला माल खपवायचा होता आणि दोघांनाही ते दिसू द्यायचं नव्हतं. त्यात दोघांनाही वर काहीतरी हवंच होतं.

डॉक्टरांनी सुरुवात केली. "तुफान म्हणजे काय सांगू! गुडघा जरा कुरकुरतो, पण एका गोलात करंडक देतो की नाही?"

"आणि आमची भिंत?" फर्निचरवाल्यांना चेव चढला. "अहो, सगळ्यांच्या आधी मैदानावर. नव्या पोरांना स्वतःचे पॅड देतो. हरलो तर शिव्या एकटा खातो, जिंकलो तर फोटोत मागे उभा राहतो. एक उलट शब्द नाही. असा गोली दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही! तेव्हा तुफान द्या आणि वर दोन नव्या जाळ्या."

व्यापाराचा एक साधा नेम आहे. गिऱ्हाइकासमोर मालाची स्तुती करताना माल ऐकत नाही ना, ते बघावं. भिंत तिथेच शिडीवर उभा होता. क्लबच्या खोलीची खिडकी सरावात फुटली होती, तिला काच बसवत होता. तो खाली उतरला. बोटांना पुट्टी तशीच.

"साहेब, एक विचारू?"

"विचार की."

"आत्ता म्हणालात ते खरं आहे का? तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही, म्हणून विचारतो."

फर्निचरवाले कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर भाव कोसळतो. डॉक्टर तर रोग्याच्या तोंडात डोकावावं तसे पुढे झुकलेले.

"खरं म्हणजे काय! शब्दन् शब्द खरा!"

"मग मला देताय कशाला?"

शिंपीदादांना खोकला आला. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "मी हेच विचारणार होतो."

फर्निचरवाल्यांनी भिंतीकडे बघितलं, मग कमिटीकडे, मग वर आपल्या फुटक्या खिडकीकडे. आपणच केलेली स्तुती त्यांना बहुधा पहिल्यांदाच ऐकू आली असावी. "देतंय कोण?" ते म्हणाले. "मी तर सहज बोलत होतो. खोल्या सोडायच्या नाहीत, कळलं? वहिनींना सांग."

आता डॉक्टर अवघडले. एवढं गुणगान केल्यावर 'तुफान कोणी घेतला नाही' असं घरी जाऊन सांगणार कसं? "आम्ही तरी त्याला कुठे सोडत होतो?" ते म्हणाले. "तुम्ही किती हावरट आहात ते बघायला आलो होतो." दोघं हसले. पण रिकाम्या हातानं परत जाणं डॉक्टरांच्या जिवावर आलं. नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तो रोलर तेवढा आमचा होता."

सगळ्यांचे चेहरे उजळले. चूक ठरवायला कोणीतरी सापडलं होतं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," शिंपीदादा म्हणाले, "सौदा उत्तम, फक्त रोलर घ्यायला नको होता!" त्या क्लबच्या इतिहासात एकमतानं झालेला हा पहिला ठराव.

मला पुलावर भिंतीनंच ढकलत नेलं. मधोमध पलीकडून तुफान आला, मला घ्यायला. दोघं माझ्या दांडीला टेकून उभे राहिले.

"सुटलो रे," तुफान म्हणाला. "बायकोनं भांडीसुद्धा बांधली होती."

"आमच्याकडे आई दोन दिवस जिन्यातच बसून होती. उठायलाच तयार नव्हती."

"आणि तो गोल... राग आहे?"

"आहे ना. पुढच्या वर्षी पॅड जवळ धरून उभा राहणार." भिंत हसला. मग पुट्टीचा हात तुफानच्या पाठीवर पुसून आपल्या काठाकडे निघाला. शिट्टी वाजवत.

हल्ली मी डाव्या काठावर गवतात असतो. संध्याकाळी कमिटी येते, माझ्यावर बसते आणि मला परत आणलं ते शहाणपणाचं होतं का, यावर वाद घालते. मागच्या सामन्यात जिंकले तेव्हा मी गुणाचा होतो; काल हरले, आता माझं वजन जास्त वाटू लागलंय. मी लोखंडाचा, मला चालतं. तुम्हीही खुशाल बसा, खुशाल निवाडा करा. विनंती एवढीच, ज्या माणसाचा निवाडा करताय तो हाडामांसाचा असेल, तर त्याच्या घरात कोण कोण जिना उतरायला शिकलंय तेवढं आधी विचारून घ्या.