न सडणारं पिल्लू

मासळीबाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेच्या टाकीत डॉल्फिनचं दोन डोक्यांचं पिल्लू तरंगत होतं. मेलेलं, पण चाळीस दिवस झाले तरी न सडलेलं. नुसता कल्ला उचलून मासा कधीचा ते सांगणारी ही माणसं, आणि तीच गळाला लागली होती.

"तुमचा मासा दुपारी घाण मारतो!" टाकीवाला बाबा गरजला. "याच्यावर माशी तरी बसते का? एक डोकं दोष गिळतं, दुसरं वरदान ओकतं!"

वरदान ओकतात कसं, हे कुणीच विचारलं नाही.

गुरांची डॉक्टरीण गर्दीत घुसली आणि टाकी दहा हातांवर असतानाच तिचे डोळे चुरचुरले. हा वास कॉलेजच्या शवविच्छेदनाच्या खोलीतला! टाकीतलं पाणी तीर्थ म्हणून पिणाऱ्यांच्या रांगेत तिची वहिनी उभी होती, हातात भरलेला पेला. सहावा महिना. बाळाच्या हृदयाला भोक असल्याचं तपासणीत निघालं होतं, आणि मोठ्या इस्पितळातली आजची वेळ चुकवून ती इथं आली होती.

"वहिनी, ठेवा तो पेला."

"वन्सं, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. माणसांतलं तुम्हांला काय कळतंय?"

"बरं, मेलेल्या जनावरावरच दाखवते."

तिनं दोन ताजे मासे घेतले, एक टाकीत बुचकळला आणि दोन्ही फळीवर ठेवले. थोड्याच वेळात कोरडा मासा माश्यांनी काळा झाला. दुसऱ्यावर एकही नाही.

"अगं बाई, माशालाही वरदान!" कुणीतरी हात जोडले.

"मग बाबा, तुम्हीही घ्या पेलाभर."

"आज माझा उपास आहे."

"पाण्याचाही?"

थोडं हसू पिकलं.

"हे फॉर्मालिन आहे. प्रेतं टिकवायचं विष," डॉक्टरीण म्हणाली. "आणि डॉल्फिन मासा नव्हे. तो आपल्यासारखाच आईच्या पोटात वाढतो. ही जुळी गर्भात नीट सुटी झाली नाहीत, एवढंच. घडताना चूक होते, त्यांच्यात आणि आपल्यातही. कधी ती दुरुस्त करता येते. पण त्यासाठी इस्पितळ गाठावं लागतं."

वहिनीनं पेला ठेवला. "वन्सं," ती पुटपुटली, "काल आणि परवा... घोट घोट घेतलंय."

बाबा मागच्या दारानं कधीच पसार झाला होता. रांगेत कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणीतरी. डॉक्टरीणबाईनं फोन काढला.

"कुणी कुणी प्यायलंय? हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा. मग अख्खा बाजार.

मंडळी, हात शंका आल्याबरोबर वर करायचा असतो, प्यायल्यावर नव्हे.