कणगीमागची चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. डावी. उजवी शेजारीच असते, पण ती गरीब स्वभावाची. सूड घेणं तिला जमत नाही. तो मीच घेतला.

मित्रांनो, उदगीरच्या बाजारातून आम्ही लातूरच्या एका गुळाच्या अडत्याकडे आलो, सूनबाई महानंदाच्या पायात. त्या साली दुष्काळ होता. महानंदा पोटुशी असूनही टँकरवर पाण्याला जायची. मी तिला एक काटा बोचू दिला नाही. शेजारणी म्हणायच्या, चप्पल असावी तर अशी.

पण बाळ मेलेलंच जन्मलं. अंगानं चांगलं थोराड होतं. सासू नागम्मा म्हणाली, "ह्या चपला घालून हिंडली, म्हून लेकरू गेलं." आणि तिनं आम्हाला ज्वारीच्या कणगीमागे भिरकावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी अंधारात दातओठ खात पडून राहिले. उंदरानं माझा अंगठा कुरतडला, त्याचाही राग मी नागम्मावरच धरला.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा महानंदाला पुन्हा दिवस गेले. नागम्मा तिला बाजेवरून उठू देईना. गुळाच्या घरात गोडाला काय तोटा? घासागणिक गूळ-तूप. हेही बाळ जाईल या धास्तीनं महानंदा मुकाट्यानं गिळायची.

मग एके दिवशी दोघी दवाखान्यातून परतल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की महानंदाच्या रक्तात साखर फार वाढली आहे, मागच्या खेपेला या साखरेनंच घात केला असावा. आता गोड बंद, आणि जेवण झालं की हळूहळू चालायचं.

"आत्याबाई," महानंदा म्हणाली, "चालून न्हाई गेलं माझं लेकरू. माझ्या चपला द्या."

नागम्मानं कणगीमागे हात घातला. आम्हाला पदरानं पुसलं आणि वाकून सुनेच्या पायापाशी ठेवलं. ज्या हातांनी फेकलं, त्याच हातांनी. मला अस्सं बरं वाटलं!

"म्या बी येते संगं," ती म्हणाली, आणि रोज येऊ लागली. पण माझं पोट भरलं नव्हतं. एकदा घाईत तिनं चुकून आम्हालाच पायात सरकवलं. मी अशी चावले, की अंगठ्याला टपोरा फोड आला.

त्याच आठवड्यात महानंदाला मुलगी झाली. खणखणीत रडली. नागम्मा लंगडत लंगडत गल्लीभर गूळ वाटत फिरली, आणि तिला फोडाची आठवणही नव्हती.

मित्रांनो, घरातली पोटुशी बाई डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला निघाली, तर तिच्या चपला लपवू नका. तिच्यासोबत चाला. लपवल्यातच, तर एवढं ध्यानात ठेवा: आम्ही विसरत नाही.