एका चित्राच्या दोन सायकली

झान पेई-लानचा आयुष्यात दोनच गोष्टींवर भरवसा होता: आकड्यांवर आणि बापाच्या वेल्डिंगवर. बाकी सगळं, धाकट्या भावासकट, तिच्या मते बेभरवशाचं. पण त्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आकडे भावाला खोटं पाडत होते, वेल्डिंगही खोटं पाडत होतं, आणि तरी भाऊच खरं बोलतोय असं तिला राहून राहून वाटत होतं.

फेंगयुआनच्या बाहेर, भातखाचरांमधून गेलेल्या गल्लीत झानांचं वर्कशॉप. म्हातारा बाप मू-शेंग फ्रेम जोडायचा, पेई-लान त्यांची मापांसकट चित्रं काढायची, आणि धाकटा वेई-चे त्या सायकलींवर बसून डोंगरावरून स्वतःला खाली लोटून द्यायचा. डाउनहिलच्या सायकलीला चढाशी घेणंदेणं नसतं. तिला ट्रकमध्ये घालून वर न्यायचं आणि दगडधोंडे, झाडांची मुळं, माणूसभर उंचीच्या उड्या यांच्यावरून खाली सोडायचं. मागचं चाक वीतभर वर जातं, तो सगळा मार शॉक नावाचा एक दणके झेलणारा दांडा गिळतो, आणि चाक नि शॉक यांच्यामध्ये तळहाताएवढी लिंक असते. ही लिंक कुठे टेकवायची आणि फ्रेमचं तोंड किती पुढे कलतं ठेवायचं, यावर पेई-लानचं नाव आणि भावाची हाडं अवलंबून.

त्यातलं एक हाड मोडलंही होतं. एक नंबरच्या फ्रेमवर ताकेंगच्या डोंगरातली मोठी उडी घेतली, आणि खाली टेकताना मागचं चाक सगळा पल्ला संपवून खाड्कन तळाला आपटलं. सायकलीनं वेई-चेला हँडलवरून पुढे भिरकावलं. गळ्याजवळचं हाड गेलं. पेई-लाननं आधी आकडे तपासले, मग दवाखान्यात गेली आणि खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "फ्रेम बरोबर आहे. तू अंग मागे टाकून बसला नव्हतास."

"असेल," एवढंच वेई-चे म्हणाला होता. त्या 'असेल'वर ती तेव्हा निश्चिंत झाली, याचा तिला आता राग येत होता.

कारण मधल्या काळात त्याच चित्रावरून दोन नंबरची फ्रेम तयार झाली. हाड सांधल्यावर वेई-चे तिच्यावर बसला, तीच उडी घेतली, आणि लोण्यात सुरी जावी तसा खाली आला. पुन्हा एक नंबरवर बसवलं तर खाड्! दोन्ही सायकलींचे शॉक अदलाबदल केले, चाकं बदलली, हँडलं बदलली. एक नंबर आपटत राहिली, दोन नंबर झेलत राहिली. आणि आज संध्याकाळी चित्र साचेवाल्या श्यूकडे जायचं होतं. एकदा पोलादात साचा कोरला की पुढची प्रत्येक सायकल त्याच चित्राची. पण त्या चित्रातून एक नंबर निघणार की दोन? तिच्या फ्रेमनं भावाला फेकलं होतं की तो आपल्या चुकीनं पडला होता? याचं उत्तर कळल्याशिवाय तिला ते चित्र पाठवणं जिवावर आलं होतं.

वेई-चे ट्रक मागे घेत अंगणात आला तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर कपाळ धरून बसली होती. कॉम्प्युटरवर नारळाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी उभी होती. तशीच एक वेल्डिंगच्या मशीनवर, एक धातू कातायच्या मशीनवर. पुडी ठेवली की मशीन शहाण्यासारखं वागतं, अशी तिकडच्या कारखान्यांतली समजूत. पुडी हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर मशीन रुसतं, आणि तारीख उलटलेली ठेवली तर विचारूच नका. पेई-लानचा यावर विश्वास नव्हता. पण पुडी काढून बघायची तिची छाती नव्हती.

"आ-ची!" वेई-चेनं थोरल्या बहिणीला हाक मारली. "सकाळी परत दोन्ही फिरवल्या. तेच. एक नंबर लाथ मारते, दोन नंबर कडेवर घेते."

"कडेवर म्हणजे काय? आकड्यात सांग."

"कडेवर म्हणजे कडेवर! शेवटी कुणीतरी हात दिल्यासारखं वाटतं. आणि तिला वासही चांगला येतो."

"वास?"

"नारळाचा. उन्हात तापली की येतो."

"आता वासावरून फ्रेम पास करू?" ती उखडली. "साचेवाल्याला सांगू, बाबा रे, हिला नारळाचा वास येतो, कोर साचा?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं," तो हिरमुसून म्हणाला आणि कांद्याची पोळी खात पायरीवर बसला. कोपऱ्यात म्हातारा मू-शेंग चेहऱ्यावर मुखवटा ओढून नळ्या जोडत होता. मुलगा पडल्यापासून तो त्याच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. दवाखान्यातही आला, सफरचंदं ठेवली आणि गेला.

पेई-लाननं दोन्ही सायकली टेबलावर घेऊन सोलल्या. चाकं काढली, शॉक काढले, लिंका काढल्या. शॉकवर चिखल उडू नये म्हणून सीटच्या नळीवर बांधलेली जाड रबरं सोडून बाजूच्या बाकावर टाकली. प्रत्येक वेळी ती अशीच सोडायची, कारण चिखलाची रबरं घालून कुणी फ्रेम मोजत नाही. मग दगडी टेबलावर उघड्या फ्रेमी ठेवून तिनं सगळं पुन्हा मोजलं: पुढच्या नळीचा कोन, पायडलची उंची, लिंकांची भोकं. केसभरही फरक नव्हता. फ्रेमी जुळ्या होत्या, आणि दोन्ही तिच्या चित्राबरहुकूम होत्या. तिला हसावं की रडावं कळेना.

"आ-पा," तिनं बापाला विचारलं, "दोन नंबर जोडताना काही वेगळं केलंत? धातू, उष्णता, काहीही?"

मू-शेंगनं मुखवटा वर केला. "चित्रात होतं तेच जोडलं."

"नक्की?"

"तुझं चित्र बदलायला मी काय वेडा आहे?" आणि मुखवटा परत खाली.

साचेवाल्या श्यूचा फोन आला. चित्र येतंय ना, मशीन रिकामं ठेवलंय. "पाठवते, पाठवते," म्हणत पेई-लाननं फोन ठेवला आणि दोन नंबर घाईघाईनं परत जोडली. डोंगरावर जायला वेळ नव्हता. ट्रकच्या मागच्या फळीवरून उडी मारली तरी सिमेंटवर पल्ला संपेल एवढा मार बसला असता.

"वेई-चे, बस. फळीवरून खाली ये. मला डोळ्यांनी बघू दे ही कडेवर कशी घेते."

तो हात पुसत उठला, सायकल वर चढवली, पायडलवर उभा राहिला आणि उसळून खाली आला.

खाड्!

वर्कशॉपमधली कबुतरं उडाली. वेई-चे कसाबसा सावरला. 

"काय केलंस हिला?" तो ओरडला. "चांगली होती सकाळी! बिघडवलीस!"

"काहीच नाही केलं! सोडली आणि जोडली!"

"मग ही एक नंबरच दिसतेय. फ्रेमी उलटसुलट केल्यास तू."

"नंबर कोरलेत त्यांच्यावर, गाढवा. हा बघ, दोन."

आता तर पेई-लानच्या डोक्याचं पार भजं झालं. इतके दिवस एक सायकल वाईट आणि एक चांगली होती, निदान एक तरी चांगली होती. आता नुसती सोडून परत जोडलेली चांगलीसुद्धा वाईट. ती सायकलीभोवती फिरली. मग तिची नजर बाकावर गेली.

"रबर राहिलं," ती म्हणाली.

"चिखलाचं? त्याचा काय संबंध? इथे कुठे चिखल आहे?"

"माहीत नाही. बांध."

त्यानं दोन नंबरचं रबर बांधलं, डोळे आकाशाकडे फिरवत परत फळीवर चढला आणि खाली आला. फस्स. सायकल खाली बसली, शेवटी कुणीतरी हात दिल्यासारखी थांबली, आणि अलगद वर आली. कबुतरांनी मानही वळवली नाही.

वेई-चेला हसू फुटलं. "चिखलाचं रबर! आ-ची, तू उगाच शिकलीस!"

पेई-लान हसली नाही. तिनं रबर सोडून हातात घेतलं. ते जड लागलं. आतल्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचे थरावर थर होते, आणि त्यांच्या मधोमध लिंकच्या टोकाचा खोल ठसा उमटला होता. तिनं नाकाशी धरलं. नारळ. चिकटपट्टी नखानं सोलली, तशी आत हिरवं चकाकलं. चौघडी करून, दाबून चपटी केलेली पुडी होती. आतल्या कुरकुऱ्यांचा आधी भुगा झाला होता, मग घाम, पाऊस आणि मार खाऊन त्याचा रबरासारखा चिवट गोळा बनला होता.

"आ-पा," ती हळूच म्हणाली.

मू-शेंगनं मशीन बंद केलं. यावं की नको अशा चालीनं तो आला. पुडी बघून त्याला आश्चर्य बिश्चर्य काही वाटलं नाही.

"तुम्ही लावलीत?"

"मग कोण लावणार?" तो म्हणाला. "वेल्डिंगच्या मशीनला ठेवतो, कातायच्या मशीनला ठेवतो. हा ज्याच्यावर बसून मरायला जातो त्याला ठेवली तर काय बिघडलं?"

"मघाशी विचारलं तेव्हा बोलला नाहीत!"

"तू फ्रेमचं विचारलंस. पुडी काय फ्रेममध्ये येते?"

"आणि एक नंबरला का नाही लावली?"

"एक नंबरनं त्याला फेकलं होतं," म्हातारा म्हणाला. "तिच्यावर तो परत बसेल असं मला वाटलं नव्हतं. बसायचा तेव्हा मी आत निघून जायचो." मग जरा थांबून, "पण लागू पडली ना? हिरवी आहे. तारीख बघून घेतली होती."

इतके दिवस ज्या कोड्यानं पेई-लानची झोप उडवली, त्यात म्हाताऱ्याला कोडं असं दिसलंच नव्हतं. पुडी ठेवली, सायकल शहाणी झाली. आणि खरं तर तसंच झालं होतं. तिच्या लिंकमध्ये पल्ल्याच्या शेवटच्या दोन बोटांत जोर नव्हता. चाक वर जात राहायचं, शॉक घट्ट व्हायच्या जागी ढिला पडायचा आणि तळाला आपटायचा. तिथे लिंकचं टोक या पुडीवर टेकत होतं. फ्रेममध्ये जो आधार तिनं द्यायला हवा होता तो बापानं नकळत कुरकुऱ्यांचा दिला होता. दोन्ही फ्रेमी चित्राबरहुकूम होत्या, आणि चित्र चुकलं होतं. तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"वेई-चे," ती म्हणाली, "तू मागेच बसला होतास."

"काय?"

"त्या दिवशी. तू बरोबर बसला होतास. मी चुकले होते."

तो हातातल्या हेल्मेटचा पट्टा उघडत-लावत राहिला. "मला वाटलं माझं अंग खोटं बोलायला लागलंय," शेवटी म्हणाला. "मी मागे बसलोय असं वाटायचं, आणि तू म्हणायचीस बसलो नव्हतो. सीझन संपला की सोडणार होतो हे सगळं." मग नाक ओढून म्हणाला, "पपईचं दूध पाज. मोठा ग्लास. आणि आ-पांनाही."

पेई-लाननं साचेवाल्या श्यूला फोन करून मशीन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं आणि त्याच्या शिव्या निमूट ऐकल्या. मग स्क्रीनसमोर बसून लिंकचं टेकायचं ठिकाण बोटभर खाली ओढलं, शेवटच्या दोन बोटांत जोर येईपर्यंत सरकवत राहिली. नव्या फ्रेमवर वेई-चे कुठलंही रबर न बांधता ताकेंगची ती उडी उतरून आला, त्याच दिवशी चित्र श्यूकडे गेलं.

श्यूचा फोन लगेच आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"लिंक कळली," श्यू म्हणाला, "पण सीटच्या नळीच्या पोटात हा कप्पा कसला काढलाय? बोल्ट नाही, वायर नाही, लिंक तिथवर पोचतही नाही. वजन फुकट वाढतंय. उडवून टाकू का?"

"नको, राहू दे. मोजून काढलाय."

"पण त्यात बसवायचं काय?"

"ते आमचे आ-पा बघतील," पेई-लान म्हणाली.

कोपऱ्यात म्हातारा मू-शेंग उभा होता. त्यानं मुखवटा चेहऱ्यावर ओढून घेतला आणि बराच वेळ तसाच राहिला. मशीन बंद होतं.