ताईच्या नावाचा पतंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाचा एक पतंग आहे. माझ्या नावाचं साधं झुरळही नाही. बाबा पतंगांच्या वर्गीकरणातले जाणकार. ताईने आजारी पडण्याआधी एका डोंगरावर दिव्यापाशी फिकट पिवळा पतंग पकडला होता. ती गेल्यावर बाबांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला आणि तिला ताईचं नाव दिलं. त्या एका डोंगराशिवाय कुठेही नसलेली जात. नमुना एकच.

आता मी त्यांच्याच संग्रहालयात काम करते. उष्ण कटिबंधातले पतंग कुठे कुठे आढळतात याचा नकाशा करायचा होता. दूरच्या बेटांवरून, किनाऱ्यांवरून पेट्या आल्या, आणि जवळजवळ प्रत्येक पेटीत एखादा तसाच फिकट पतंग निघायला लागला. मी त्यांची पोटं उघडली. सगळे एकाच जुन्या, फार पूर्वीच नाव मिळालेल्या, जिथे तिथे सापडणाऱ्या जातीचे. पंखांवर भुलायचं नाही, खरी ओळख पोटाच्या टोकाशी असते, हे मला बाबांनीच शिकवलं. ताईच्या पतंगाला मात्र त्यांनी कधी चिमटा लावला नव्हता.

सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी म्हटलं, "बाबा, ताईचा पतंग उघडावा लागेल."

"त्याचे पंख वेगळे आहेत."

"हे मी म्हटलं असतं तर तुम्ही माझे कान उपटले असते."

ते हसले नाहीत. उठून खण काढला. मला हात लावू दिला नाही. पोट स्वतःच अलगद वेगळं केलं, औषधात भिजवलं आणि नंतर सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ मान वर केली नाही.

"जुनीच आहे," ते म्हणाले.

म्हणजे जुनं नाव राहणार, ताईचं जाणार. एका जातीला दोन नावं पडली की आधीचं टिकतं, नियमच तसा. मला त्या नियमाचा संताप आला. समजूत घालायची म्हणून मी नकाशा पुढे केला. "उलट बघा ना, आता ती सगळीकडे आहे."

"सगळीकडे नको होती गं. एका जागी हवी होती. जाऊन भेटता येईल अशी."

"हे नाही छापलं तर कुणाचं काय अडणार आहे?" मी म्हटलं.

"आज ना उद्या कुणीतरी शोधेलच." बाबांनी कागद पुढे ओढला. "नाव मी ठेवलं होतं. मीच काढतो. त्याला परका हात नको लागायला."