जिथे माझा आवाज पोचला नाही

मी एक जुनी घंटा आहे. मित्रांनो, घंटा म्हटली की ती वाजणारच, असे तुम्हाला वाटत असेल. पण माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, गेली कित्येक वर्षे कापडाने बांधलेली आहे. ज्यांनी ती बांधली, त्यांचा माझ्यावर जीव होता. मग त्यांनी असे का केले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या अंगणात झाला. तुटके नळ, चेपलेली भांडी, बंद पडलेल्या यंत्रांचे तुकडे, असे सगळे भंगार वितळवून त्याने मला साच्यात ओतले. थंड झाल्यावर टिचकी मारून कान लावला. त्याची बायको चुलीपुढूनच म्हणाली, की आवाज गोड आहे, पण पोरगी नाकात बोलते. बिचारा हिरमुसला. मी मात्र जन्मभर तशीच नाकात बोलले आणि कुणाचे काही अडले नाही.

मला एका छोट्या चॅपेलच्या दाराशी टांगले. मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी मी लोकांना बोलावत असे. पुढे मोठे चर्च झाले, लोक तिकडे गेले आणि माझ्यावर धूळ बसली. मग एके दिवशी मागच्या इमारतीत सिस्टर राहायला आल्या आणि त्यांच्यामागोमाग मुले आली.

ही मुले एचआयव्हीची लागण घेऊनच जन्मली होती. आईबाप एड्सने गेलेले आणि नातेवाईक घाबरलेले. लोक आमच्या फाटकापासून चार हात लांबून चालत. भाजीवाला पिशवी फाटकाला अडकवायचा, एक हाक मारायचा आणि मागे वळून न बघता सुटायचा.

तेव्हा या आजारावरची औषधे नुकतीच मिळू लागली होती. रोज सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, तीही जन्मभर घ्यायची. वेळा चुकत गेल्या की आजार डोके वर काढतो. म्हणून मोठ्या सिस्टरांनी माझी दोरी हाती घेतली. मी वाजले की मुले व्हरांड्यात ओळीने उभी राहत. ओळीच्या शेवटी मोठ्या सिस्टर रक्तदाबाची गोळी घेऊन उभ्या राहत आणि स्वयंपाकाच्या मावशी मधुमेहाची. सगळ्यांनी एकदम गिळायचे आणि एकदम जीभ दाखवायची. मावशींनी जीभ काढली की पोरे हसून लोटपोट होत. औषध आपल्यालाच एकट्याला आहे, असे त्या ओळीत कुणालाच वाटत नसे.

कुणी उशिरा आले, की सिस्टर डोळे मोठे करून म्हणायच्या, "हिचा आवाज देवाच्या घरापर्यंत जातो. आणि तुला ऐकू आला नाही?"

मी फुशारून जात असे.

त्या मुलांत एक भिंगरी होती. एका जागी पाय ठरत नाही, म्हणून मावशींनी तिला ते नाव ठेवलेले. तिचा मामा दूरच्या गावी शिंपी होता. त्याने तिच्यासाठी शिवलेला फ्रॉक दर वेळी ढगळच असे. मावशींनी एकदा विचारले, की मापाची टेप हरवली की काय? मामा म्हणाला, "पोर वाढणार आहे, मावशी." त्या दिवसांत असे म्हणायला छाती लागत असे.

मामाला तिला घरी न्यायचे होते. मामी भीत होती. शेवटी ठरले, की भिंगरीने सुट्टी तिकडे काढायची. सगळे नीट पार पडले तर ती कायमची मामाच्या घरी राहील. भिंगरीला दुसरे काही सुचेनासे झाले. निघताना सिस्टरांनी औषधाचे डबे मामाच्या हाती दिले आणि कौतुकाने म्हणाल्या, की हिला सांगावे लागत नाही, वेळ झाली की स्वतःच धावत येते.

सुट्टी संपायच्या आतच मामा परत आला. भिंगरी त्याच्या खांद्यावर होती, तापाने फणफणलेली. औषधाचे डबे जवळजवळ भरलेलेच होते. ते बघून सिस्टरांचा पारा चढला. एवढी जोखीम पेलत नव्हती तर पोरीला नेलेच कशाला, असे त्या खूप बोलल्या. मामाने भिंगरीला खांद्यावर सावरून घेतले. मग म्हणाला,

"औषध घेतलेस का, म्हणून मी रोज विचारायचो, सिस्टर. ती म्हणायची, मामा, अजून घंटा वाजली नाही. मला वाटले, पोर खेळातले काहीतरी बोलतेय."

भिंगरीने खांद्यावरून मान उचलली. "मी खिडकीत उभी राहायचे," ती म्हणाली. "तुम्ही वाजवलीच नाही."

सिस्टर तिथेच पायरीवर बसल्या. मग त्या मामाला म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी हिला घंटा ऐकायला शिकवले, औषध घ्यायला शिकवलेच नाही."

पुढचे दिवस फार वाईट गेले. डॉक्टर यायचे, तपासायचे आणि हात धुऊन निघून जायचे. मग एका दुपारी मामी आली. तिने घरी भिंगरीची ताटवाटी वेगळी ठेवली होती. इथे ती खाटेवर बसली आणि पेजेचा चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून किती गरम आहे ते बघू लागली. मावशींना एवढेच म्हणाली, "ही खिडकीत वाट बघत होती आणि मी पाठमोरी भांडी घासत होते."

त्याच आठवड्यात सिस्टरांनी शिडी लावली आणि माझी जीभ कापडाने गुंडाळली. व्हरांड्यात भिंतीवरचे घड्याळ आले. मोठा काटा, लहान काटा, रोज धडा. मावशी म्हणाल्या, की गोवऱ्या मसणात गेल्यावर मला शाळेत घालता का? पण शिकल्या. वरून बघता बघता मीही शिकले. उतारवयात डोक्यात उजेड पडतो, त्याची मजा काही और असते.

भिंगरी हळूहळू उठली. मामी आता दर रविवारी येई आणि औषधाची आठवण मुद्दाम न करता बसून राही. एका संध्याकाळी बोलता बोलता भिंगरीने घड्याळाकडे पाहिले, उठली, स्वतः गोळी घेतली आणि परत येऊन मामीला टेकून बसली. मामीने पदर डोळ्याला लावला आणि पिशवीत तिचे कपडे भरायला घेतले.

आता इथे फार मुले नाहीत. लागण झालेल्या आया वेळेवर औषध घेतात, त्यामुळे त्यांची बाळे बहुतेक निरोगीच जन्मतात. खोल्या रिकाम्या आहेत. त्या हसण्याची मला फार आठवण येते. पण व्हरांडा पुन्हा तसा भरावा, असे मी कधी मागणार नाही. मोठ्या सिस्टर देवाघरी गेल्या. त्यांच्यासाठी तरी मला वाजवतील असे वाटले होते. पण त्यांनीच नको म्हणून सांगून ठेवले होते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. कुणाला "औषध घेतलेस का?" असे विचाराल, तेव्हा विचारून पुढे जाऊ नका. थांबा. लहान मूल काही वेडेवाकडे उत्तर देईल, तेही पुरते ऐकून घ्या. हसायचे असेल तर नंतर हसा. ते कदाचित कुठल्यातरी खिडकीत उभे राहून तुमच्याच हाकेची वाट बघत असेल.