गांधी चौकातला मोर

ज्या वर्षी आमच्या मिस्बाहचा, माझ्या नातीचा, चांदूर बाजारला निकाह झाला, त्या वर्षीची ही गोष्ट, म्हणजे २०२३ ची. मे महिन्यात पोरगी सासरी गेली. दसऱ्याच्या आधी तिचे दादा, माझा नवरा कुर्बान, एकटेच जाऊन डोळे तपासून आले. "नंबर बदलला, दुसरं काही नाही," म्हणाले.

डॉक्टरचा कागद त्यांनी बल्बांच्या खोक्यात दडवला होता. खोकं झाडताना तो माझ्या हाती लागला. मिस्बाह पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीवर मी अक्षरं शिकले. पन्नाशीला आले होते तेव्हा. कागदावर इंग्रजी बरंच होतं, पण खाली कोणीतरी मराठीत लिहून दिलं होतं: दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसणं गेलं आहे. उंचीवर चढू नये.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं लाइटिंगचं काम. लग्न असो, दर्ग्याचा संदल असो, देवीचा मंडप असो, माळा आमच्याच. दिवाळीच्या आधी व्यापारी मंडळ गांधी चौकात तीन संध्याकाळी प्रकाशोत्सव भरवायचं आणि मोठी कमान कुर्बानमियांनीच बांधायची, असं ठरलेलं. दसऱ्याला तेच म्हणाले, "यंदाची कमान झाली की शिडी इमरानकडे." इमरान आमचा मुलगा. मी मनात म्हटलं, एकच कमान राहिली आहे, जाऊ द्यावं. कागद होता तसा ठेवून दिला.

पहिल्या संध्याकाळी माहेरी आलेली मिस्बाह मला घेऊन गेली. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानं, झाडं, विजेचे खांब, सगळं पेटल्यासारखं दिसत होतं. कमानीवर बल्बांचा मोर होता, पण त्याचा डावा पंख काळा.

मंडळाचे सेक्रेटरी सोहमभाऊ शिडीपाशी उभ्या असलेल्या यांना ओरडून म्हणाले, "चाचा, तुमचा मोर लंगडा झाला ना बाप्पा!"

"लंगडा नाही, लाजून राहिला तो," हे म्हणाले. "इतके पाहुणे त्यानं कधी पाहिले?"

लोक हसले. इमराननं खाली बोर्डातली डाव्या पंखाची पिन काढून त्याची वीज तोडली. "अब्बा, मी चढतो," म्हणाला.

"तू पिना सांभाळ," म्हणत हे वर गेले.

जुने बल्ब चालू असले की तापायचे. माळ बंद आहे की चालू, हे कुर्बानमियां चाळीस वर्षं हाताच्या पाठीनं ओळखत. आताचे बल्ब तापत नाहीत. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण त्या लखलखाटात डोळ्यांना काही उमगेना, तेव्हा हातानं जुनंच केलं. हात उजव्या पंखावर गेला. तो पंख चालू होता, पण हाताला गार लागला. त्यांनी त्याची वायर धरली आणि खिशातून पक्कड काढली.

"दादा उजवीकडे काहून गेले?" मिस्बाह म्हणाली.

पक्कडीच्या मुठीवरचं रबर उन्हाळ्यातच निघालं होतं. मी किंचाळले, "इमरान, मेन बंद कर! तुझ्या अब्बाले दिसत नाही! त्याइले दिसत नाही रे!"

सगळी कमान एकदम विझली. गर्दी "हो" करून ओरडली, मग चूप झाली. मी अजून ओरडतच होते; माझं शेवटचं "दिसत नाही रे" त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं.

मागून एक बाई म्हणाली, "आंधळा मानूस चढवला वर? काय लोकं हायेत!"

हे एकेक पायरी चाचपत उतरले. सोहमभाऊंनी हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही.

घरी जाताना मोर्णा नदीच्या पुलावर ते थांबले.

"कधीपासून मालूम होतं तुले?"

"दसऱ्यापासून. कागद वाचला मी."

"मग दसऱ्यालेच बोलाचं होतं, नईमा. घरात बोलाचं होतं. चौकात काहून बोलली?"

मी म्हटलं, "तुमचा हात वायरवर होता."

"तो आज होता," ते म्हणाले आणि चालू लागले.

मी त्यांची एक कमान वाचवायला गेले, आणि त्यांची चाळीस वर्षांची अब्रू चौकात गेली.

त्यानंतर ते शिडीला शिवले नाहीत. इमराननं विचारलं तर वायरींबद्दल सांगायचे. माझ्याशी जेवणापुरतं बोलत. सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायची. ते खाटेवर मान मागे टाकून डोळे उघडे ठेवायचे, मी अगदी जवळ वाकायची. एकदा मी म्हटलं, "माफ करा." ते म्हणाले, "थेंब गालावर गेला."

माझे पती कुर्बान शेख २० सप्टेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, छातीत कळ येऊन जुन्या शहरातल्या घरी वारले. त्यांचं वय सत्तर होतं.